वाऱ्याचं घर

१

आमच्या गावात पाव मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. आदल्या संध्याकाळी दाराशेजारच्या हुकाला कापडी पिशवी अडकवायची, किती पाव हवेत ते चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं. सकाळी साडेसातला बेकरीवाला नार्सीस आपली गाडी वेशीतून आत घालतो आणि पिशव्या भरत जातो. भरताना घरांची नावं मोठ्याने घेतो. मेणघर, एक! विहीरघर, एक! लोहारघर, दोन!

रोकासाल्वात माणसाला आडनाव असतं ते फक्त सरकारी कागदावर. एरवी मी विहीरघरची केराल्त. उद्या कुणी परका या घरात राहायला आला, तर आठ दिवसांत तोही विहीरघरचा होईल. घर माणसाचं नसतं, माणूस घराचा असतो, असं आमचे म्हातारे म्हणतात. म्हातारे बरंच काही म्हणतात. का, असं विचारलं की मात्र त्यांना खोकला येतो.

हिवाळ्यात आम्ही गावात नऊ माणसं असतो. बाकीची घरं बार्सेलोनावाल्यांची. ती उन्हाळ्यात उघडतात. उरलेलं वर्ष गाव पाहुण्यांचं. बसमधून येणारे हे पाहुणे एका दिवसात तीन जुनी गावं बघतात. आमचं दुसरं, जेवणाआधीचं. वेस, कमानींचा चौक, चर्च, तटबंदी, असं चाळीस मिनिटं मी त्यांना फिरवते. जिरोनाच्या विद्यापीठातून इतिहास शिकून आल्यावर दुसरं काय करणार?

मला वाढवलं ते रेमेई आत्याने. जानेवारीत ती विहिरीच्या पायऱ्यांवर पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती शहरातल्या शुश्रूषागृहात होती. दिवसरात्र कुणी सोबत असेल तरच घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले. मी राहू शकत होते, पण माझं काम गावातच असेल तर. काम बसवर अवलंबून, आणि बसवाल्यांनी यंदा सांगून टाकलं होतं की प्रेक्षणीय गावांच्या नव्या यादीत नाव असेल तरच यापुढे गाडी थांबेल. यादी, मग बस, मग मी, मग आत्या. साखळी इतकी सरळ होती. तिच्यात एकच कडी वाकडी निघाली.

२

ती वाकडी कडी म्हणजे एक भिंत.

पाहुण्यांना उघडा दगड आवडतो. म्हणून गेल्या चाळीस वर्षांत गावातल्या प्रत्येक घराचा चुना खरवडून काढला गेला. फक्त आमच्या गल्लीच्या टोकाला, विहीरघर आणि लोहारघर यांच्या मध्ये, चारेक हातांचा पांढरा पट्टा तेवढा राहिला होता. तिथे घर नाही. ती तटबंदीच. पलीकडे खडकात खोदलेला खंदक, दोन माणूस खोल, आणि मग नुसता वारा.

फेब्रुवारीत यादीच्या समितीची बाई येऊन गेली. फोटो काढता काढता म्हणाली, "सगळं सुंदर आहे हो, पण हे पांढरं ठिगळ कशाला?"

मी सेगिमोनकाकांकडे गेले. ते लोहारघरचे, वय ब्याऐंशी. गावातला प्रत्येक दगड त्यांनी उघडा केलेला.

"त्याला मी हात लावणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"माझ्या बापाने लावला नाही."

"का नाही लावला?"

"त्याच्या बापाने लावला नाही म्हणून. झालं समाधान, मास्तरीणबाई?"

"काका, हे कारण नाही, ही वंशावळ आहे."

ते हसले, पण उठले नाहीत. मग मीच छिन्नी-हातोडा घेतला. तीन दिवस लागले. बोटांची पेरं सोलून निघाली, नखांत चुना बसला तो निघता निघेना. पण चुन्याखाली जे निघालं ते बघून मी गल्लीत एकटीच ओरडले. टोकदार कमान! दगडांनी बुजवलेली, पण अखंड. बाजूला एक लोखंडी हूक. खाली उंबरठा, मध्ये झिजून खोलगट झालेला.

जिथे आत जायला जागाच नाही, तिथला उंबरठा कुणाच्या पायांनी झिजला, हा प्रश्न मला पडला. मी स्वतःला उत्तर दिलं की दगड दुसरीकडून आणून बसवला असेल. जुने गवंडी असं करत.

समितीची बाई परत आली, हरखून गेली. म्हणाली, "प्रत्येक घरावर नावाची फरशी आहे, मग यालाच नको का? बिचारं पोरकं दिसतंय." मी एक फरशी रंगवून घेतली. मागे वाराच आहे म्हणून लिहिलं, *वाऱ्याचं घर*.

सेगिमोनकाका काठी टेकत आले आणि फरशीकडे बघत राहिले.

"नाव दिलंस."

"एका फरशीने काय होतंय?"

"नाव असलं की त्या नावाची माणसं लागतात," ते म्हणाले आणि नेहमीप्रमाणे खोकले.

३

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी नार्सीसच्या हाका ऐकत मी कॉफी पीत होते. मेणघर, एक! विहीरघर, एक! वाऱ्याचं घर, एक! लोहारघर...

मी कप ठेवून बाहेर आले. कमानीच्या हुकाला एक पिशवी लटकत होती. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाची. आत ताजा पाव.

"नार्सीस, ही कुणी लावली?"

"मला काय ठाऊक? तूच लावली असशील, पाहुण्यांना दाखवायला. चिठ्ठीवर अक्षरही तुझंच."

त्याने चिठ्ठी दाखवली. पेन्सिलीने लिहिलेला एक. खाली आडवी रेघ ओढलेला, मी ओढते तशी. पण गावच्या शाळेत आम्हा सगळ्यांना एकच बाई शिकवायच्या. तशी रेघ निम्मं गाव ओढतं.

"हे म्हाताऱ्यांचे उद्योग," मी म्हणाले. "मला घाबरवायला निघालेत."

"मग म्हाताऱ्यांच्या अंगात दम आहे म्हणायचा," नार्सीस हसत गाडीत बसला. "तुला घाबरवायच्या आधी मी दोनदा विचार केला असता."

मी पिशवीवर नजर ठेवून खिडकीत बसले. अकराला बस आली, चाळीस माणसांची रांग गल्लीतून गेली, आणि ती गेल्यावर बघते तर पिशवी रिकामी. कुणी पाहुण्याने पाव उचलला असणार. माणसं सुटीवर आली की हात लांबतात.

मंगळवारी पुन्हा पिशवी, पुन्हा एक पाव. त्या दिवशी गटातले एक डच आजोबा कमानीपाशी रेंगाळले. बाकीचे पुढे गेले तरी हे दगडांना कान लावून उभे.

"चला, चर्च राहिलंय," मी म्हणाले.

"माफ करा," ते ओशाळून म्हणाले. "यांची जेवायची वेळ झालेली दिसते. ताटं मांडतायत. आपण दारात उभं राहणं बरं नाही."

मी त्यांना सांगितलं की तटाच्या पोकळीत वारा शिरला की असे आवाज येतात. हे मी इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्या दिवशी वारा नव्हता.

४

मधल्या सोमवारचं सांगायचं राहिलं. ते मला सांगायचं नाहीये म्हणूनच राहिलं असेल.

रविवारी रात्री आत्याचा फोन आला होता.

"मीठ लावलंस का?"

"लावते ना."

"लावते नको, लाव. सगळ्या दारांना. आणि त्या भिंतीला. भिंतीला कसं लावायचं ते माहीत आहे ना?"

"आत्या, मी सव्वीस वर्षांची आहे, मला मीठ लावता येतं."

पूर्वी हे काम पाद्रीचं होतं. ईस्टरच्या आठवड्यात तो घरोघर जाई. मीठ, पाणी आणि चिमूटभर राख कालवून दाराच्या चौकटीला बोट लावी, घराचं नाव घेऊन "सुखी राहा" म्हणे. मग घरची बाई त्याला एक अंडं देई. अंडं हाती घेतलं की ते घर वर्षभरासाठी गावात धरलं गेलं. आता पाच गावांत मिळून एक पाद्री आहे आणि त्याला या प्रकाराची लाज वाटते, म्हणून आत्याच वाटी घेऊन फिरते. लहानपणी मी तिच्या मागे मागे जायचे. त्या पांढऱ्या भिंतीशी ती बोट लावायची, पण बोलायची काहीच नाही, आणि मागे न बघता झपझप परत यायची. मी विचारलं की म्हणायची, "चल, भाजी करपेल."

आत्याला मी भिंतीबद्दल काही सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर दाखवू, असं ठरवलं होतं. खुश होईल, असंही वाटलं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

सोमवारी सकाळी मी वाटी घेऊन निघाले. चौदा दारं, त्यातली दहा बंद. बंद दारांसमोर उभं राहून "सुखी राहा" म्हणताना मला हसू येत होतं. त्याच हसण्याच्या भरात मी कमानीपाशी आले, दगडाला बोट लावलं आणि तोंडातून गेलं, "वाऱ्याच्या घरा, सुखी राहा."

निघायला वळताना नजर खाली गेली आणि पाय थबकला. उंबरठ्याच्या खोलगट भागात एक अंडं होतं. मी आले तेव्हा ते तिथे होतं का? असेलच. मी वाटीकडे बघत आले होते.

उचललं. ऊबदार होतं. ऊन पडलं होतं त्या दगडावर, असं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

दुपारी मी त्याचं ऑम्लेट केलं. चवीला चांगलं होतं.

५

बुधवारी आत्या आली. रुग्णवाहिकेतल्या मुलांनी तिला चाकांच्या खुर्चीत बसवून गल्लीत उतरवलं. तिने विहिरीच्या कठड्याला हात लावला, कुंडीतलं एक वाळलेलं पान तोडलं, मला म्हणाली, "पाणी घातलं नाहीस कार्टे," आणि रडायला लागली. मीही रडले. तीन महिने मी याच क्षणासाठी धडपडत होते.

मग तिने मान वळवली.

खुर्चीच्या हातावरची तिची बोटं पांढरी पडली.

"कुणी काढला चुना?"

"मी."

"सेगिमोनने काढू दिला?"

"मी कुणाला विचारत बसले नाही. आत्या, यादीत नाव लागतंय आपलं. आता मी इथेच राहणार, तुझ्याजवळ."

"ते नाव काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. तिने डोळे मिटले.

"मीठ लावताना नाव घेतलंस?"

"घेतलं असेल."

"काही घेतलंस तिथून? केराल्त, माझ्याकडे बघ. काही घेतलंस?"

"एक अंडं होतं. खाल्लं."

"मला शहरात परत ने," आत्या म्हणाली. "आजच. तूही चल."

माझं डोकंच फिरलं. "तीन महिने फोनवर घर, घर करत होतीस! मी इथे हात सोलून घेतले आणि तू आल्या पावली परत निघालीस? एका अंड्यापायी? आहे काय त्या भिंतीत? सांग ना एकदा!"

"मला माहीत नाही."

"म्हणजे काय?"

"माझ्या आईने सांगितलं, मीठ लाव, नाव घेऊ नकोस, काही घेऊ नकोस. मी तेच केलं. विचारलं नाही."

"आणि मला तर तेवढंही सांगितलं नाहीस! मला सांगितलंस भाजी करपेल!"

आत्याने माझा हात धरला, सोललेल्या पेरांवरून अंगठा फिरवला. "तू विचारत राहिली असतीस ना," ती म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं."

शुश्रूषागृहातली तिची खाट दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. पुढच्या आठवड्यात बघू, असं मी म्हणाले. तिने पुन्हा विषय काढला नाही. गुरुवारी तिने माझ्याकडून बडीशेपेचे गोड वडे तळून घेतले, जेमतेम एक खाल्ला. खाटेपासून खिडकीपर्यंतची चार पावलंही तिला वॉकर धरून जड जात होती, पण दिवसभर ती खिडकीशीच बसली होती. तिथून कमान दिसते.

संध्याकाळी मी पिशवी घेतली तर म्हणाली, "आण, चिठ्ठी आज मी लिहिते. हात अजून शाबूत आहेत माझे."

तिने लिहिलं, घडी घातली, पिशवीत टाकलं. मी न बघता बाहेर अडकवली.

६

"विहीरघर, एक! वाऱ्याचं घर, दोन!"

मी पलंगावर उठून बसले. आता आम्ही दोघी होतो. दोन पाव आमच्याकडे हवे होते. नार्सीस काहीतरी चुकला.

अनवाणीच बाहेर आले. "एक का? आत्या आलीये माहीत आहे ना?"

"मला वाटलं पथ्य असेल," नार्सीस म्हणाला. "चिठ्ठीत एकच आहे बघ."

घडी उघडली. आत्याचं थरथरतं अक्षर. एक.

मी धावत तिच्या खोलीत गेले. खाट नीट आवरलेली, चादरीचे कोपरे दुमडलेले. चपला खाटेखाली. वॉकर भिंतीशी.

साडेआठपर्यंत गावातली सगळी माणसं गल्लीत होती. विहीर, गोठे, चर्च, सगळं पाहून झालं. पोलीस आले, दोर लावून खंदकात उतरले. खालून त्यांनी ओरडून सांगितलं की भिंत या बाजूने सलग आहे, वेलींनी झाकलेली, एक दगडही हललेला नाही. वर येऊन त्यातला एक मला समजावत म्हणाला, म्हातारी माणसं जातात चालत कुठेतरी. मी त्याला वॉकर दाखवला. त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

ते गेल्यावर मी छिन्नी आणली. सेगिमोनकाका बघत होते, अडवलं नाही. छातीच्या उंचीवरचा एक दगड मी चारी बाजूंनी मोकळा केला आणि ओढून काढला.

पलीकडे खंदक असल्यामुळे वाऱ्याचा झोत तोंडावर येईल म्हणून मी डोळे बारीक केले होते. वारा आला नाही. भाजलेल्या पावाचा आणि तेलाचा वास आला, आणि ऊब.

दिसलं ते एवढंच. टेबलाची कड, चौकड्यांचं मेणकापड. आत्या उभी होती, कशालाही न धरता, पावावर टोमॅटो चोळत. ती हसत होती. पडल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तिच्या उजव्या अंगाला कुणीतरी पाव कापत होतं. ते माणूस दगडाआड होतं, हात तेवढा दिसत होता. तरुण हात. पेरं सोललेली, नखांत चुना.

मी छिन्नी धरलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं. काकाही माझ्या खांद्यावरून आत बघत होते.

"फोडते," मी म्हणाले. "काका, सगळंच फोडते. हातोडा द्या."

"फोड," सेगिमोनकाका हळू म्हणाले. "पण बघितलंस ना, आत किती जण आहेत ते? दार उघडलं की सगळेच बाहेर येतील. मग गाव केराल्त म्हणून हाक कुणाला मारणार?"

"आत्या आहे आत!"

"कळतंय मला. मी तिला तुझ्यापेक्षा पन्नास वर्षं आधीपासून ओळखतो." त्यांचा आवाज फाटला. "तिने चिठ्ठीत एक लिहिला. विहीरघरात मागे उरणारा तो एक कोण, ते तिने ठरवून लिहिलंय. हे उघडं राहिलं तर मंगळवारी इथे तीन लागतील, पोरी. आणि विहीरघराची पिशवी रिकामी."

मी खूप काही बोलले. ब्याऐंशी वर्षांत तुम्हाला तोंड उघडायला एक दिवस मिळाला नाही का, असं विचारलं. शिव्याही दिल्या. ते खाली मान घालून उभे राहिले. तोपर्यंत मला वाटायचं की हे लोक काहीतरी लपवतात. लपवायला त्यांच्याकडे काही नव्हतंच.

७

शनिवारी सकाळी काकांनी चुना कालवून आणला. थापी मी घेतली.

"अकराला बस येईल," ते म्हणाले. "समितीवाली बाईसुद्धा असेल."

"येऊ दे."

"हे पांढरं झालं की यादीतून नाव जाईल आपलं."

"जाऊ दे, काका."

आधी फरशी उतरवली आणि उंबरठ्यावर आपटून तिचे तुकडे केले. मग खालून सुरुवात केली. चुना दगडावर बसताना ओला, जड आवाज करतो. मी प्रत्येक थर दाबून बसवत होते. कमानीचं टोक गेलं, हूक गेला. काढलेला दगड मी परत लावला नव्हता. तेवढं भोक शेवटी ठेवलं होतं. का, ते मला माहीत होतं, आणि काकांनाही. ते चार पावलं मागे सरले आणि पाठ करून उभे राहिले.

मी भोकाशी तोंड नेलं. हाक मारायची होती. कोणत्या घरची रेमेई म्हणून मारायची, तेच कळेना. तिला विहीरघरची म्हटलं असतं तर ती आता ओ देणार नव्हती. आणि दुसरं नाव घेतलं असतं तर ते मीच पक्कं केलं असतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. दगड उचलला, भोकात बसवला. कडेने बोटभर फट राहिली. तिच्यातून पिवळा उजेड येत होता.

थापीवर चुना घेतला.

"केराल्त," आतून आत्या म्हणाली. आवाज शांत होता, कामात असलेल्या माणसाचा. "उजेड जातोय गं."

माझा हात हवेतच राहिला. काकांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांची मान ताठ झाली. त्यांनीही ऐकलं होतं.

मी तोंड उघडलं नाही.

"हो आत्या, आले," भिंतीपलीकडून मी म्हणाले. "दिवा लावते."